कॅमेऱ्याचा वायरलेस माइक: छातीपासून मेमरी कार्डापर्यंत

वायरलेस माइक घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो रेंजचा. खोक्यावरही तोच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो: २०० मीटर, २५० मीटर. प्रत्यक्षात लग्नात, कीर्तनात किंवा मुलाखतीत बोलणारा माणूस कॅमेऱ्यापासून फार तर १५ मीटरवर असतो. बिघडलेली रेकॉर्डिंग नीट ऐकली, तर बहुतेक वेळा दोष हवेत सापडत नाही. तो सापडतो सदऱ्याच्या कापडात, रिसीव्हरपासून कॅमेऱ्यापर्यंत जाणाऱ्या वीतभर वायरीत, नाहीतर कॅमेऱ्यात ‘ऑटो’वर राहून गेलेल्या आवाजाच्या पातळीत. म्हणून इथे रेंजपेक्षा या तीन जागांवर जास्त वेळ घालवू.

संच साधा असतो. बोलणाऱ्याच्या छातीवर कॉलर माइक, त्याची वायर ट्रान्समीटरमध्ये, ट्रान्समीटरमधून लहरी हवेत, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला रिसीव्हर त्या लहरी पकडतो आणि छोट्या वायरीने कॅमेऱ्याच्या माइक जॅकमध्ये आवाज देतो. नव्या छोट्या संचांत ट्रान्समीटरच्या डबीतच माइक असतो, त्यामुळे डबीच कॉलरला लावता येते. आवाज या साखळीतून जाताना प्रत्येक कडीवर त्याची पातळी ठरते. एका कडीवर फाटलेला आवाज पुढच्या कुठल्याही कडीवर शिवता येत नाही.

दोन जाती

बाजारात आज मुख्यतः दोन प्रकारचे संच आहेत. पहिला २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डिजिटल. रोड कंपनीचा ‘वायरलेस गो’ २०१९ मध्ये आला आणि काडेपेटीएवढ्या संचांची लाट सुरू झाली. डीजेआय, हॉलीलँड वगैरे त्याच वाटेचे. दुसरा यूएचएफ, म्हणजे साधारण ४७० ते ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. सोनीची ‘यूडब्ल्यूपी-डी’ आणि सेनहायझरची ‘ईडब्ल्यू १००’ या मालिका बातमीदारांच्या कॅमेऱ्यांवर वर्षानुवर्षं दिसतात त्या याच.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. तिथे काही सेट करावं लागत नाही, डबीतून काढला की दोन्ही तुकडे आपसांत जुळतात. पण खुल्या मैदानात सगळेच येतात: वायफाय, ब्लूटूथ, मोबाइलचे हॉटस्पॉट, हॉलच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा. संच या गर्दीत सतत उड्या मारत रिकामी फट शोधत असतो. फट मिळेनाशी झाली की आवाज क्षणभर गायब होतो. खरखर होत नाही, सरळ भोक पडतं.

म्हणून रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली चाचणी फसवी असते. सकाळी नऊ वाजता खुर्च्या मांडताना आवाज लख्ख येतो. मुहूर्ताला मंगलाष्टकं सुरू होतात, चारशे माणसं उभी राहतात, निम्म्या हातांत फोन वर जातात. त्या सगळ्या फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ चालू असतं. शिवाय माणसाचं शरीर बव्हंशी पाणी, आणि पाणी ही लहर चांगलीच शोषतं. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या मध्ये माणसांची भिंत आहे. भरलेल्या हॉलमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या संचावर २०-२५ मीटरपलीकडे विसंबू नये, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला, समोरासमोर नजर पोचते तिथला असतो.

याच कारणाने हा छोटा ट्रान्समीटर पाठीमागे कमरेला लावू नये. कॅमेरा समोर आणि ट्रान्समीटर पाठीला, म्हणजे मध्ये अख्खा माणूस. तो छातीवर किंवा पुढच्या खिशात, कॅमेऱ्याच्या दिशेला असावा. रिसीव्हरही कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्यात, बॅटरीमागे दडवून ठेवू नका. या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर असते आणि भिंतींवरून उलटलेल्या लहरी मूळ लहरीला जिथे खोडतात त्या ‘मेलेल्या’ जागा सहा-सात सेंटीमीटरच्या अंतराने येऊ शकतात. कॅमेरा स्टँडवर आहे आणि आवाज तुटतोय, तर स्टँड वीतभर सरकवून बघा. जादू वाटते, पण आहे ती एवढीच.

यूएचएफ लहर शरीराला आणि गर्दीला जास्त दाद देत नाही. शक्ती ३० मिलिवॅटच्या आसपास असूनही भरल्या सभागृहात ती टिकते. किंमत मात्र काही पट, डबी मोठी, आणि फ्रिक्वेन्सी तुम्हालाच निवडावी लागते.

फ्रिक्वेन्सी निवडताना

यूएचएफ संचात ‘स्कॅन’ असतं. ते त्या जागी पोचल्यावर, दर वेळी करायचं. कालच्या गावातली मोकळी फ्रिक्वेन्सी आजच्या गावात मोकळी असेलच असं नाही. स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद ठेवा, नाहीतर रिसीव्हर तुमच्याच ट्रान्समीटरला अडथळा समजून ती जागा वगळेल. मोकळी जागा मिळाली की इन्फ्रारेडची छोटी खिडकी समोरासमोर धरून रिसीव्हर तीच फ्रिक्वेन्सी ट्रान्समीटरला पाठवतो. ही खिडकी टीव्हीच्या रिमोटसारखी असते, १०-२० सेंटीमीटरवर धरावी.

एक माइक असेल तर काम इथे संपलं. तीन असतील तर थोडं गणित आहे, आणि ते न केल्यामुळे ‘सगळं बरोबर असून’ आवाज बिघडतो. समजा पहिला माइक ६०६.००० मेगाहर्ट्झवर आहे, दुसरा ६०६.४०० वर. दोन ट्रान्समीटर जवळ आले की एकाची लहर दुसऱ्याच्या सर्किटमध्ये शिरते आणि तिसऱ्याच जागी भुतं, म्हणजे कुठल्याच माइकने न सोडलेल्या लहरी, तयार होतात. ती जागा काढायची रीत: एकीची दुप्पट वजा दुसरी. ६०६.००० ची दुप्पट १२१२.०००, त्यातून ६०६.४०० गेले, उरले ६०५.६००. उलट केलं तर ६०६.८००. आता तिसरा माइक तुम्ही सरळ रांगेत, समान अंतरावर म्हणून ६०६.८०० वर लावलात, तर तो बरोब्बर भुताच्या जागेवर बसला. म्हणजे समान अंतर हीच चूक. कंपन्यांनी हे गणित आधीच करून ‘बँक’ आणि ‘चॅनल’ अशा गटांत फ्रिक्वेन्सी भरून ठेवलेल्या असतात. सगळे माइक एकाच बँकेतल्या वेगवेगळ्या चॅनलवर ठेवा, बाकी गणित विसरलात तरी चालेल.

जुना यूएचएफ संच स्वस्तात मिळत असेल तर आधी मागच्या लेबलवरची फ्रिक्वेन्सी वाचा. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले वायरलेस माइक १२ जून २०१० पासून बंद झाले, आणि ६०० च्या पट्ट्याचा बराचसा भाग १३ जुलै २०२० पासून. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला. अमेरिकेहून नातेवाइकांनी बॅगेतून आणलेला असा संच उत्तम स्थितीत असतो, फक्त त्याच्या फ्रिक्वेन्सीवर आता टॉवर उभा असतो.

कापड, दागिने, हार

कॉलर माइक सहसा सर्व दिशांनी सारखंच ऐकतो. त्याला बोलणाऱ्याचं तोंड कुठे आहे हे कळत नाही, फक्त जवळ काय आहे ते कळतं. म्हणून जागा महत्त्वाची: हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मधोमध. अंतर १५-२० सेंटीमीटर. तेच ४० सेंटीमीटर झालं की आवाज जवळपास ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो, आणि मागचा पखवाज आहे तेवढाच राहतो. मग संकलनात आवाज वाढवला की पखवाजही वाढतो. अगदी गळ्याशी लावला तरी बिघडतं. हनुवटीच्या सावलीत आवाज दबका, घोगरा येतो. मुलाखतीत पाहुणा एका बाजूला वळून बोलणार असेल तर माइक त्या बाजूच्या कॉलरवर.

कापडाचा आवाज दोन प्रकारचा. कापड माइकला घासतं ती खसखस, आणि वायर ओढली जाऊन होणारी धडधड. सुती कापड शांत, रेशीम आणि पॉलिएस्टर बोलके, आणि पैठणीचा जरीचा काठ सर्वांत बोलका. साडीवर माइक पदराला लावू नये, पदर हलतोच. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला लावा. मंगळसूत्राच्या वाट्या किंवा हार माइकवर आपटून टक्‌टक् येत असेल तर दागिना काढायला सांगायची गरज नाही (सांगूही नये). माइक तीन-चार सेंटीमीटर बाजूला घ्या, म्हणजे लोलक तिथवर पोचत नाही. वायर पदराच्या आतून मागे, यूएचएफचा ट्रान्समीटर पाठीकडे कमरेला. परकराच्या नाडीत खोचला तर नाडी आधी घट्ट आहे ना, हे त्या ताईंनाच बघू द्या. नऊवारीत कमरपट्टा असेल तर तो सर्वांत भक्कम.

कुर्त्याच्या आत माइक लपवायचा असेल तर औषधाच्या दुकानातली इंचभर रुंदीची मायक्रोपोर टेप पुरते. पाच-सहा सेंटीमीटरची पट्टी घ्या आणि चिकट बाजू बाहेर राहील अशी समोशासारखी घडी घालत त्रिकोण करा. असे दोन त्रिकोण. त्यांच्यामध्ये माइक सँडविचसारखा ठेवा, पण माइकचं तोंड, म्हणजे जाळी, टेपच्या बाहेर मोकळी हवी. एक बाजू कुर्त्याला आतून चिकटते, दुसरी बनियनला. आता कापड आणि माइक एकत्र हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. मग माइकच्या खाली तीन-चार सेंटीमीटरवर वायरीचं एक सैल वेटोळं करून त्यावर टेपची पट्टी. माणूस वाकला किंवा बसला की ओढ त्या वेटोळ्यावर येते, माइकपर्यंत पोचत नाही. घामाच्या दिवसांत टेप दोन तासांत सुटते, मध्यंतरात बदला.

कीर्तनात एक खास अडचण असते. सुरुवातीला महाराजांचा सत्कार होतो, गळ्यात झेंडूचा जाड हार पडतो आणि माइक त्याखाली गाडला जातो. उंच पट्टीतला आवाज गायब, वर पाकळ्यांची खसखस. माइक सत्कार आटोपून हार उतरवल्यावर लावता आला तर उत्तम. नाहीतर आधीच विनंती करून ठेवा: ‘महाराज, हार झाला की लगेच बाजूला ठेवू या, माइक झाकतो.’ उपरणंही खांद्यावरून घसरतं, म्हणून माइक उपरण्याला कधीच नाही. सदऱ्याच्या पट्टीला, तुळशीच्या माळेच्या टप्प्याबाहेर.

स्टेजवर पंख्याचा वारा समोरून येत असेल तर छोटं फोमचं टोपरं पुरत नाही, केसाळ टोपरं लावा. वाऱ्याची फटफट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

यूएचएफ ट्रान्समीटरची अँटेना लोंबती, मोकळी हवी. उरलेली माइकची वायर तिच्याभोवती गुंडाळून ठेवायची सवय अनेकांना असते, ती रेंज खाते. घामाने ओल्या पाठीला अँटेना चिकटली तरी तेच.

वीतभर वायर

रिसीव्हर ते कॅमेरा या वायरीच्या पिनकडे एकदा नीट बघा. पिनवर काळे पट्टे किती? दोन पट्टे म्हणजे धातूचे तीन भाग, याला टीआरएस म्हणतात. तीन पट्टे म्हणजे चार भाग, टीआरआरएस. कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांची पिन लागते, फोनच्या हेडफोन जॅकला तीन पट्ट्यांची. दिसायला सारख्या, आत जातातही सारख्या, पण चुकीची लावली की आवाज अजिबात येत नाही, अगदी बारीक येतो, किंवा वायर हलवली की येतो-जातो. मोबाइलसाठी विकला जाणारा तीन पट्ट्यांचा कॉलर माइक ट्रान्समीटरमध्ये खुपसला तरी हेच. तिथे बदलणारा छोटा अडॅप्टर लागतो.

यूएचएफ संचांच्या माइक पिनला फिरकीचं कुलूप असतं. पिनचं माप तेच असलं तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे एकाचा माइक दुसऱ्याच्या ट्रान्समीटरवर चालेल असं धरून चालू नका.

कॅमेऱ्यावर माइक आणि हेडफोन यांचे जॅक शेजारी-शेजारी, एकाच मापाचे असतात. अंधाऱ्या हॉलमध्ये घाईत पिन हेडफोनमध्ये जाते. कॅमेरा मग स्वतःच्या अंगच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो, स्क्रीनवर आवाजाच्या पातळीचा मीटर हलत राहतो आणि सगळं आलबेल वाटतं. खात्रीचा उपाय: कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर बोटाने खरवडा. मीटर उडाला तर बाहेरचा माइक लागलेलाच नाही.

मोठ्या कॅमेऱ्यांना तीन पायांचं एक्सएलआर इनपुट असतं. तिथे स्विच ‘माइक’वर ठेवा, ‘लाइन’वर नाही आणि ‘+४८’वर तर नाहीच, ते ४८ व्होल्ट कंडेन्सर माइकसाठी असतात, रिसीव्हरला त्यांची गरज नाही. याच जागी आणखी एक सापळा आहे. छोट्या रिसीव्हरच्या टीआरएसमधून डाव्या आणि उजव्या कानाला तोच आवाज निघतो. तो साध्या टीआरएस-ते-एक्सएलआर वायरीने एकाच इनपुटमध्ये घातला, तर कॅमेरा दोन्ही तारांमधला फरक मोजतो. दोन्हींवर सारखंच असेल तर फरक शून्य. आवाज एकमेकांना खोडतो आणि उरतो तो भुतासारखा पातळ, लांबून आल्यासारखा. यासाठी फक्त एकच बाजू घेणारी वायर मिळते, वायरलेस रिसीव्हरसाठी असलेली म्हणून मागा.

पातळी: तीन जागी, याच क्रमाने

आधी कॅमेऱ्यातलं ‘ऑटो’ बंद करा. ऑटोवर कॅमेरा बोलण्यात खंड पडला की आवाज वाढवतो, मग दोन वाक्यांच्या मध्ये पंखा आणि कुजबुज फुगून येते, आणि पुढचा शब्द आला की एकदम बसते. ऐकणाऱ्याला धाप लागल्यासारखं वाटतं.

पहिली जागा ट्रान्समीटर. माइक लावलेल्या माणसाला जसं प्रत्यक्षात बोलायचं आहे तसं बोलायला लावा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे सगळे एकाच निर्विकार आवाजात म्हणतात, ते निरुपयोगी. नवरदेवाच्या वडिलांना सांगा, ‘काका, पाहुण्यांना हाक मारा.’ कीर्तनकारांना विठ्ठलनामाचा गजर पूर्ण आवाजात म्हणायला सांगा, कारण निरूपणाचा सूर आणि गजराची तार यांत सहज १५-२० डेसिबलचा फरक पडतो. सर्वांत मोठ्या आवाजाला ट्रान्समीटरचा मीटर लाल न होता त्याच्या थोडा खाली थांबायला हवा. लाल होत असेल तर संवेदनशीलता उतरवा. इथे फाटलेला आवाज पुढे कॅमेऱ्याची पातळी कमी केली तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. ‘मीटर तर खाली होता, मग आवाज का फाटला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा हेच.

दुसरी जागा रिसीव्हरचं आउटपुट. ते वर ठेवा. पहिल्या ‘वायरलेस गो’मध्ये याच्या तीन पायऱ्या होत्या: ०, -१२ आणि -२४ डेसिबल. ० पासून सुरुवात करा.

तिसरी जागा कॅमेरा, आणि तो जवळजवळ तळाला. कॅमेऱ्यातला आवाज वाढवणारा भाग सहसा स्वस्तातला असतो, त्याला जेवढं जास्त काम द्याल तेवढी सरसर वाढते. रिसीव्हरने दमदार आवाज दिला की कॅमेऱ्याला काम उरत नाही. सोनीच्या अल्फा कॅमेऱ्यांत ही पातळी ० ते ३१ असते आणि मुळात २६ वर ठेवलेली येते. वायरलेससाठी ती ३-५ पासून वर चढवत जा. मोठा आवाज कॅमेऱ्याच्या मीटरवर -१२ डेसिबलपाशी येईल तिथे थांबा, अधूनमधून -६ पर्यंत उडी चालेल, ० ला, म्हणजे मीटरच्या टोकाला, कधीच नाही. कॅमेऱ्याची पातळी इतकी उतरवूनही आवाज फाटत असेल तर रिसीव्हरचा जोर कॅमेऱ्याच्या दारातच जास्त होतोय. आता रिसीव्हर एक पायरी खाली.

बऱ्याच संचांत ‘सेफ्टी’ नावाची सोय असते. उजव्या बाजूवर तोच आवाज ६ ते २० डेसिबल खाली रेकॉर्ड होतो. गजरात मुख्य आवाज फाटला तर तेवढा तुकडा खालच्या ट्रॅकवरून उचलायचा. दोन माइक वेगवेगळ्या बाजूंवर हवे असतील तर ही सोय सहसा मिळत नाही, दोहोंतलं एक निवडावं लागतं. नवरा-नवरी किंवा मुलाखतकार-पाहुणा असे दोन माइक असतील तर वेगळ्या बाजूच निवडा, दोघांचे आवाज नंतर स्वतंत्र सावरता येतात. फक्त संकलनात प्रत्येक ट्रॅक मोनो (दोन्ही कानांत सारखा) करायला विसरू नका, नाहीतर प्रेक्षकाला नवरदेव डाव्या कानात आणि नवरी उजव्या कानात ऐकू येईल.

मंडळाच्या साउंडवाल्याकडून मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्यात घ्यायची असेल तर सांभाळून. मिक्सर ‘लाइन’ पातळीचा आवाज देतो, तो माइक पातळीपेक्षा कितीतरी पट मोठा. मध्ये आवाज पाडणारी पॅड वायर लावल्याशिवाय तो फाटणारच.

कानाने ओळखायचे दोष

हेडफोन कान झाकणारे, वायरचे, आणि कॅमेऱ्याला लावलेले. रिसीव्हरवर ऐकलं तर शेवटची वायर तपासली जात नाही. ब्लूटूथ इअरबड आवाज उशिरा देतात, त्यावर ओठ जुळतात का हे कळत नाही.

हलल्यावरच खसखस किंवा धडधड: कापड, वायरीची ओढ, सैल पिन. आवाजात मध्येच स्वच्छ भोकं: २.४ गिगाहर्ट्झची गर्दी किंवा मध्ये आलेली माणसं. एकसारखी सरसर: कॅमेऱ्याची पातळी फार वर, रिसीव्हरची फार खाली. संथ, जाड गुणगुण: कॅमेरा किंवा रिसीव्हर चार्जरवर लावलेला आहे, काढा आणि बॅटरीवर चालवा, थांबली तर कारण सापडलं. ‘टिर्र-टिट्-टिर्र’ असा ठेका: ट्रान्समीटरच्या खिशातच मोबाइल आहे. टूजी नेटवर्कवर फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी लहर सोडतो, ती माइकच्या वायरीत ऐकू येते. फोन दुसऱ्या खिशात किंवा विमान मोडवर.

बोलणं खोलवर, डब्यात बोलल्यासारखं येत असेल तर कॅमेऱ्याचा अंगचा माइकही चालू राहून दोन्ही आवाज मिसळले जातायत का ते बघा. डिजिटल संच आवाज काही मिलिसेकंद उशिरा पोचवतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, त्यामुळे ओठांच्या बाबतीत हा उशीर खटकत नाही. पण तोच आवाज दोन वाटांनी आला की पोकळ होतो.

ट्रान्समीटरमधलं रेकॉर्डिंग

नव्या संचांत ट्रान्समीटर स्वतःच्या मेमरीतही रेकॉर्ड करतो. हवेत काहीही घडलं तरी ही फाइल सलग राहते, म्हणून सोय असेल तर ती कायम चालू ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माइकच्या फाइलला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात; ३२ बिट फ्लोटला सुमारे ६९० एमबी. या ३२ बिट फ्लोटबद्दल एक गैरसमज आहे. पातळी चुकली तरी आवाज वाचतो हे खरं, पण फक्त आतल्या फाइलमध्ये. कॅमेऱ्यात जाणारा आवाज नेहमीसारखाच फाटतो. आणि माइकची स्वतःची चकतीच ओरडण्याने दबली असेल तर ३२ काय, ६४ बिटही काही करू शकत नाहीत.

ही फाइल व्हिडिओशी जुळवताना दोन घड्याळांचा फरक लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, ट्रान्समीटरचं वेगळं. त्यांच्यात दहा लाखांत १० एवढाच फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद होतात, जवळजवळ एक फ्रेम. दोन तासांच्या कीर्तनात सुरुवातीला जुळवलेले ओठ शेवटी दोन फ्रेमने सरकलेले दिसतील. फाइल मध्यात एकदा कापून पुन्हा जुळवली की झालं.

सेलबद्दल थोडकंच. यूएचएफ संचात प्रत्येक डबीला एए मापाचे दोन पेन्सिल सेल. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ चे, त्यामुळे मेनूत सेलचा प्रकार सांगितला नाही तर मीटर खोटं बोलतो: रिचार्जेबल भरलेले असताना अर्धे दाखवतो आणि मग अचानक संपतो. नवे आणि जुने सेल एकाच डबीत घालू नका. छोट्या संचांत बॅटरी आतच असते, ती काही वर्षांत थकते आणि सहसा बदलता येत नाही. जुना संच विकत घेताना ती सलग किती तास चालते ते समोर बसून बघावं.

कार्यक्रम संपताच पहिली धाव माइककडे. कॅमेरा आवरायला घ्याल तोवर महाराज जेवायला बसलेले असतात, नवरदेव गाडीत. ट्रान्समीटर हातात आला की आधी त्यावरचं रेकॉर्डिंग थांबवा, दिवा विझू द्या, मग तो बंद करा, म्हणजे फाइल नीट मिटते. मध्यंतरात माणूस स्टेजवरून उतरला की म्यूट दाबून द्यायचं, आणि परत येताना उघडायचं; दोन्ही आठवण तुमचीच. माइक लावलेला आहे हे लावून घेणारा पाच मिनिटांत विसरतो, आणि तुमच्या कानांत हेडफोन असतो.